भाऊचा 'भावा' होतो तेव्हा

आंबा घाट अजून सुरूही झाला नव्हता, तेवढ्यात माझी गाडी बंद पडली. जुलैचा पाऊस, कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता, अंगावर गळका रेनकोट. किक मारून मारून पोटरी भरून आली. एक टेम्पो पुढे जाऊन थांबला आणि ड्रायव्हर डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन चालत मागे आला.

"काय झालं रं भावा?"

"बंदच पडली भाऊ. तुम्ही बघता का जरा?"

"प्लग भिजला असंल. थांब."

त्यानं टेम्पोतून पाना आणला, प्लग खोलला, पॉलिश पेपरवर घासला, फडक्यानं पुसला, टोकावर फुंकर मारली आणि परत बसवला. "मार आता." दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी म्हणालो, "भावा, चहा पिऊन जा की." तो हसला, हात हलवला आणि गेला.

घाट उतरताना माझ्या लक्षात आलं. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्याला 'भाऊ' म्हणत होतो आणि 'तुम्ही' म्हणत होतो. निघताना 'भावा' म्हणालो आणि 'तू'वर आलो. दोन्ही बदल एका वाक्यात झाले आणि मी त्यातला एकही ठरवून केला नव्हता. तेव्हापासून या हाकेनं माझा पिच्छा सोडलेला नाही. शब्द तर एकच आहे. मग भाऊ म्हटलं की अंतर का राहतं, आणि भावा म्हटलं की ते का मिटतं?

आधी मूळ बघू, कारण ते बरंच सरळ आहे. संस्कृतात 'भ्रातृ'. प्राकृतात येताना 'भ्र'मधला र गळला, दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला त विरून गेला आणि 'ऋ'चा उ झाला. उरलं 'भाउ', तोच आपला भाऊ. 'मातृ' हा शब्दही याच वाटेनं आला. त्याचं 'माउ' झालं, त्याला 'ली' लागली आणि माउली झाली. हिंदीकडे जाताना त्याच 'ऋ'चा इ झाला म्हणून तिकडे भाई. भाऊ आणि भाई यांच्यातला फरक एवढा एका स्वराचा आहे. आपल्या 'भावजय'मध्ये तर भाऊ अजून त्याच्या बायकोसकट बसलेला आहे. 'भ्रातृजाया' म्हणजे भावाची पत्नी, तिची झिजून झाली भावजय.

याहून मागे गेलं तर हा शब्द फार मोठ्या घरातला निघतो. १७८६ साली विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात भाषण देऊन संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं असं मांडलं. त्या नात्याचा पुरावा म्हणून पुढे जे शब्द पुन्हा पुन्हा दाखवले गेले त्यांत भाऊ अगदी पुढे होता. लॅटिनमध्ये 'फ्रातेर', फारसीत 'बिरादर', रशियनमध्ये 'ब्रात', इंग्रजीत 'ब्रदर'. आपण जातभाईंच्या गटाला बिरादरी म्हणतो ती फारसीतून आली. आणि हल्लीची पोरं एका वाक्यात 'ब्रो' आणि पुढच्या वाक्यात 'भावा' म्हणतात, तेव्हा ती एकच शब्द दोनदा उच्चारत असतात, हजारो वर्षांच्या दोन वेगळ्या प्रवासांनंतर. याच घरातला ग्रीक शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. तिथं 'फ्रातेर' म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, कुळ-संघातला माणूस. सख्ख्या भावासाठी त्यांनी वेगळाच शब्द वापरला. रक्ताचं नातं नसलेल्याला भावाच्या शब्दानं आपलंसं करणं हे आजच्या मोबाइलवरचं खूळ नाही, ते फार जुनं आहे.

एक गैरसमज इथंच दूर करतो. 'भावा' हा शब्द भाव किंवा भावना यावरून आला असं काही जण मनापासून सांगतात. तसं नाही. भाव म्हणजे मनातली भावना, भाव म्हणजे बाजारातला दर, हा संस्कृत शब्द वेगळा. गोंधळ होण्याचं कारण एवढंच की दोन्ही शब्दांना प्रत्यय लागले की ते हुबेहूब सारखे दिसतात. 'भावाला' म्हणजे दराला की बंधूला, 'भावाचा' म्हणजे भक्तीचा की भाऊरायाचा, हे आजूबाजूच्या वाक्यावरूनच कळतं. हाक मात्र फक्त भाऊचीच.

आता खरी गंमत व्याकरणात आहे, आणि ती शाळेत आपण पाठ करून विसरलेलो असतो.

मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी ते थोडं वाकतं. घोडा, पण घोड्याला. विंचू, पण विंचवाला. लाडू, लाडवाला. नातू, नातवाला. या वाकलेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. भाऊचं सामान्यरूप 'भावा': भावाला, भावाने, भावाचा. आणि आठवी विभक्ती, म्हणजे संबोधन, तिच्यात एकवचनाला वेगळा प्रत्ययच नसतो. वाकलेलं रूप तसंच्या तसं हाक म्हणून वापरायचं. मुलगा, मुला! मित्र, मित्रा! लेक, लेका! गडी, गड्या! भाऊ, भावा! म्हणजे 'भावा' हे कुणीतरी नव्यानं पाडलेलं रूप नाही. व्याकरणाच्या हिशेबानं तीच अस्सल, नियमातली हाक आहे. उलट "ओ भाऊ" म्हणतो तेव्हा आपण नियम बाजूला ठेवून शब्द न वाकवता वापरतो.

का वाकवत नाही? नात्याचे इतर शब्द शेजारी ठेवून बघा. मामा, मामाला. काका, काकाला. दादा, दादाला. आजोबा, आजोबांना. हे शब्द 'घोडा'सारखेच आकारान्त आहेत, पण 'माम्याला', 'काक्याला' असं होत नाही. आणि याच घरातली धाकटी मंडळी बघा. मुलगा, मुलाला. भाचा, भाच्याला. नातू, नातवाला. धाकटे वाकतात, थोरले ताठ उभे राहतात. कुणी म्हणेल की सासरा तर थोरला असतो, तरी 'सासऱ्याला' होतं. होतं खरं, पण सासऱ्याला समोर उभा करून कुणी 'सासरा' अशी हाक मारत नाही, मामा किंवा बाबाच म्हणतो. म्हणजे ज्या शब्दानं आपण थोराला हाक मारतो तो शब्द विशेषनामासारखा वागायला लागतो. त्याला हात लावायचा नाही, मोडायचा नाही.

भाऊ हा शब्द या दोन्ही गटांत बसतो, आणि त्याची सगळी गोडी इथं आहे. "मी माझ्या भावाला सांगितलं" म्हणालो की तो माझा सख्खा किंवा चुलत भाऊ. "मी भाऊंना सांगितलं" म्हणालो की ते कुणीतरी मोठे, मान्य गृहस्थ. 'भावांना' म्हणजे अनेक भावांना, 'भाऊंना' म्हणजे एकाच माणसाला, पण आदरानं. मराठी माणूस हा फरक कधीही चुकत नाही आणि कुणी शिकवलेलाही नसतो. एकोणिसाव्या शतकातली मुंबईची मोठी माणसं आठवा. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. १८४१ साली 'प्रभाकर' हे वृत्तपत्र सुरू करणारे भाऊ महाजन हे मूळचे गोविंद विठ्ठल कुंटे. पेशव्यांच्या घरचे सदाशिवरावही बखरींत भाऊसाहेबच आहेत. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जो हलकल्लोळ झाला, त्याची आठवण 'भाऊगर्दी' या शब्दात राहिली, आणि आज आपण तो शब्द उमेदवारांच्या झुंबडीसाठी वापरतो. यांतल्या कुणालाही 'भावा' म्हणता येत नाही. जीभच वळत नाही. ताठ शब्द हा मानाचा पोशाख आहे.

आणि वाकवलेला शब्द म्हणजे जवळीक. ही गोष्ट मला 'देवा' या हाकेनं पटवली. सर्वांत थोर कोण, तर देव. पण त्याला आपण 'अहो देव' म्हणत नाही. देवा म्हणतो, आणि तू म्हणतो. जनाबाईनं तर विठ्ठलाला सरळ 'विठ्या' म्हटलं. गण्या, राम्या, विठ्या यांतला हा 'या' तुच्छतेचाही असतो आणि जिव्हाळ्याचाही. कुठला, ते नात्यावर ठरतं. मराठीत ज्याचं नाव आपण मोडू शकतो तो आपला.

आता त्या टेम्पोवाल्याकडे परत येतो. मराठीत अनोळखी पण आपल्याच वयाच्या माणसाशी बोलताना एक अडचण असते. 'तुम्ही' म्हटलं की कोरडं वाटतं, 'तू' म्हटलं की उद्धट. बसमध्ये पुढच्याला सरकायला सांगायचं आहे. "तुम्ही जरा सरकता का?" हे बरोबर आहे, पण त्यात अंतर आहे. "सरक जरा" म्हणाल तर भांडण होईल. "भावा, सरक की जरा" म्हणालात तर तो सरकतो, आणि बहुतेक वेळा पिशवीही उचलून घेतो. एकेरी क्रियापद तेच आहे, पण 'भावा'नं त्याचा काटा काढून घेतला. तू म्हणायचा अधिकार फक्त घरच्यांना असतो, म्हणून आधी समोरच्याला घरचा करायचा आणि मग तू म्हणायचं. या हाकेचा सगळा अर्थ मला यात दिसतो. माझं म्हणणं पडताळून बघायचं असेल तर "अहो भावा, जरा सरकता का" असं मोठ्यानं म्हणून बघा. ते मराठी वाटतच नाही. 'अरे' आणि 'भावा', 'अहो' आणि 'भाऊ', अशा या जोड्या आहेत. घरात धाकटी बहीण "अरे भाऊ, ये ना" म्हणते तेवढा अपवाद, कारण तिथं 'भाऊ' हे त्याचं घरातलं नावच झालेलं असतं.

'मित्रा' हेच काम का करत नाही, असा प्रश्न मला विचारला गेला होता. मित्र निवडलेला असतो. रस्त्यात भेटलेल्या माणसाला 'मित्रा' म्हटलं तर ते भाषणातलं किंवा पत्रातलं वाटतं. भाऊ निवडावा लागत नाही, तो असतोच.

असतो, आणि भांडतोही. हे विसरून या शब्दाबद्दल बोलणं खोटेपणाचं होईल. मराठीनं भावांच्या एकत्र असण्याला जो शब्द दिला तो 'भाऊबंदकी', आणि त्याचा अर्थ प्रेम नव्हे, घरातली दुही. वडिलोपार्जित जमिनीत भाऊ जन्मतःच वाटेकरी. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा मुलीही त्यात आल्या, पण शतकानुशतकं वाटणी भावाभावांत व्हायची. दर वर्षी नांगरताना थोडा थोडा बांध कोरणारा शेजारी बहुतेक वेळा भाऊच असतो. 'भावकी' हा शब्द गावात लग्नाच्या आमंत्रणालाही चालतो आणि कोर्टाच्या तारखेलाही. मला वाटतं, म्हणूनच रक्ताच्या नात्यापेक्षा या हाकेत जास्त मोकळेपणा आहे. ज्याला आपण रस्त्यात भावा म्हणतो त्याच्याबरोबर सातबारा सामाईक नसतो. भावाकडून जे हवं असतं, पाठीवर हात, हाकेला ओ, ते तेवढं घेता येतं.

आणि ते मागण्याची रीत बायकांनी आधीच घालून दिलेली आहे. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासरी नांदणारी बहीण ज्याला हाक मारते तो 'भाऊराया'. कार्तिक शुद्ध द्वितीयेला, भाऊबीजेला, ती ज्याची वाट बघते तो. त्या ओव्यांतला भाऊ जमिनीचा वाटेकरी नसतो. तो फक्त येणारा असतो.

आजच्या बोलण्यात 'भावा'चा अर्थ स्वरावर ठरतो. वाक्याच्या सुरुवातीला आला तर लक्ष वेधतो: "भावा, ऐक." शेवटी आला तर वाक्य मऊ करतो: "होईल रे नीट, भावा." नुसताच लांबवून "भावाऽऽ" म्हटलं तर ती शाबासकी, एखाद्यानं षटकार मारल्यावरची. आवाज खाली आणून, शब्द तोडून "भावा. नीट बोल" म्हटलं की ती शेवटची ताकीद असते, आणि ती कळायला कोश लागत नाही. मुलीनं मुलाला 'भावा' म्हटलं तर बहुतेक वेळा नातं कुठल्या रेषेच्या अलीकडे राहणार हे तिनं सांगून टाकलेलं असतं. साहेबांना, सरांना, वडिलांच्या मित्राला ही हाक चालत नाही. तिथं शब्द वाकवायचा हक्क आपला नसतो.

चौकातल्या फ्लेक्सवर हा शब्द आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. "भावाचा वाढदिवस". एरवी मराठीत "भावाचा वाढदिवस आहे" म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कुणाच्या? फ्लेक्सवर तो प्रश्न कुणाला पडत नाही. तिथं भाऊ हा अख्ख्या गल्लीचा असतो. या फलकांचा मला त्रास होतो, रस्ता झाकला जातो, पण त्यावरचं हे व्याकरण मला आवडतं.

'भावा'चं माहेर कुठलं, असं विचारलं तर बहुतेक जण कोल्हापूर-सांगलीकडे बोट दाखवतील, आणि तिथं ती हाक खरंच श्वासासारखी आहे. 'मर्दा', 'गड्या', 'लेका' यांच्या पंगतीत ती बसते. वऱ्हाडात हाच शब्द 'भौ' होतो, खानदेशात 'भो'. मुंबईत हिंदीच्या वळणानं 'भाई' आला, आणि त्याच 'भाई'ला तिथं गुंडाचाही अर्थ चिकटला. त्याच वेळी शेतकरी कामगार पक्षातली माणसं एकमेकांना 'भाई' म्हणत होती, कॉम्रेड या अर्थानं, आणि त्यात कसलीही दहशत नव्हती. एका शब्दाच्या वाट्याला किती घरं येतात!

बहिणीच्या शब्दाला मात्र असं भाग्य मिळालं नाही. 'भगिनी'पासून 'बहीण' झाली, पण तिची हाक रस्त्यावर आली नाही. अनोळखी बाईला आपण ताई म्हणतो, आणि ताईबरोबर 'तुम्ही' येतं. ताई हा न वाकणारा शब्द आहे, थोरल्या बहिणीचा. बरोबरीच्या, अनोळखी मुलीला आपलेपणानं तू म्हणता येईल असा शब्द मराठीत रुळलेला नाही. गावाकडची 'बये' आहे, 'सखे' आहे, पण पहिली फार घरगुती आणि दुसरी कवितेतली. ही उणीव मला खरी वाटते, आणि ती कशी भरली जाते आहे ते मी माझ्या भाचीच्या फोनवर बघितलं.

ती पुण्यात होस्टेलवर राहते. सुट्टीला घरी आली होती, फोन माझ्या शेजारी चार्जिंगला लावलेला. खोलीतल्या मैत्रिणीचा मेसेज पडद्यावर उमटला: "भावा, पोचलीस का?"

हाक पुल्लिंगी, क्रियापद स्त्रीलिंगी. व्याकरणाच्या पेपरात याला लाल रेघ पडली असती. मी भाचीला विचारलं, तुम्ही मुली एकमेकींना भावा का म्हणता? तिला प्रश्नच कळला नाही. "मग काय म्हणायचं मामा?" म्हणाली, आणि फोन उचलून लिहिलं, "हो भावा, आत्ताच. जेवलीस का तू?"